भिंतीवरची पाटी

– नाही, पाटीला हात नका लावू. लांबून वाचा ना, अक्षरं काय मुंगीएवढी आहेत? अठराशे चाळीस मीटर. डोंगरावर जाणारा प्रत्येक वाटाड्या सकाळी हिच्यासमोर उभा राहतो, अल्टिमीटरची – उंची दाखवणाऱ्या यंत्राची – सुई अठराशे चाळीसवर आणतो, मग निघतो – हवा बदलली की सुई आपोआप सरकते ना, म्हणून रोज लावायची. हे घर मी सांभाळतो, पाटीही माझीच. पण तुम्ही कोण ते नाही सांगितलंत. सहज आलात? सहज येणारा माणूस आधी चहा मागतो हो, भिंती नाही बघत. चौकशीवाले असाल तर तसं सांगा. आणि जरा हळू बोला – आत माझी मुलगी आहे, जावयाच्या पायाला प्लास्टर आहे, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा.

हो, तोच. तोच वाटाड्या. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना, आणि बरोबर ते शाळेचे मास्तर, डोंगर बघायला आलेले. उतरताना सुई एकवीसशे मीटरवर आली की डावीकडे वळायचं, तिथून पायवाट थेट या दारात येते. हा वळला, आणि पुढे वाटच नाही – कडा. मास्तर गेले. हा वाचला, आता म्हणतो, मी सुई बघूनच वळलो. सगळेच असं म्हणतात! घाई केली असेल, दुसरं काय? तरुण रक्त. मी लेखी तसंच दिलंय – वाटाड्याची घाई. त्याचा परवाना जाईल, माहीत आहे मला. मुलगी चार दिवस माझ्याशी बोलत नाही, तेही माहीत आहे. पण खरं ते खरं.

हे काय काढलंत खिशातून? अल्टिमीटर? खालच्या बसथांब्यावर लावून आणलाय – बरं, मग? चढताना हवा बदलली असेल. मी सांगतो ना, हवा. आणि साठ मीटरचा फरक म्हणजे काही –

काय? आकडा तुम्ही सांगितलाच नव्हता?

असं बघू नका माझ्याकडे. पाटी जुन्या घरातली आहे, झालं? येताना ते पडकं लागलं ना खाली, तिथली. उन्हाळ्यात इथे बांधलं, सामान वर आणलं, तीही आणली. चांगली पाटी, टाकवली नाही. आकडा बदलायचा राहिला, इथे एकोणीसशे हवा होता. राहतं माणसाचं! उन्हात कुणाचं काही अडलं नाही, वाट डोळ्यांना दिसत होती. पहिलं धुकं त्या दिवशीच पडलं. साठ मीटर आधी वळला पोरगा – सुई बरोबर बघून वळला. मी त्याच रात्री खाली जाऊन ताडून आलो. आता बोललो तर मास्तर परत येणारेत का? आणि तिला काय सांगू, की तुझ्या बापानं –

अगं, कुणी नाही! झोप तू. वाट चुकलेत कुणीतरी, निघालेच आहेत.

निघा.