दोन गाल, दोन मलमं

साताऱ्यात कातडीच्या डॉक्टरांकडं कुंडलचे नानासो नंबर लावून बसले होते. शेजारी पाटणचे निवृत्त सुभेदार नाथाजी, डावा गाल सोललेला, आणि त्यांच्या मनुबाई. पेपर वाचायचं नाटक करत नानासोंनी कान तिकडं दिला.

"आवं, उन्हानं सुरकुत्या माझ्या तोंडावर. डॉक्टरनं दोन मलमं दिली ती मला, सोसंल ते लावायला. तुमी कशाला चोपडलीसा?"

"डाव्या गालाला ट्रेटिनॉइन, उजव्याला अ‍ॅडापलीन. हप्ताभर."

"मग? लागला का निकाल?"

"ट्रेटिनॉइन लय कडक, भाजतंय. अ‍ॅडापलीन गरीब हाय. तू त्येच लाव."

"आन उन्हात जाऊ नका म्हणल्यालं असताना एसटीत मुद्दाम उन्हाकडंच्या खिडकीला बसलासा, त्ये?"

"परीक्षा पुरी नको व्हय? नातीच्या साखरपुड्यात तुझं तोंड सोललेलं दिसलं असतं म्हंजी?"

"आता तुमचं दिसंल की!"

"दिसू दे. फौजेत वाट आधी आपण तपासायची, मग पलटण न्यायची."

नानासोंचा नंबर दोनदा पुकारून झाला होता. खिडकीतनं ऊन बाकड्यावर सरकलं.

"उठा. माझ्या जाग्यावर बसा."

"का गं?"

"गालावर ऊन येतंय."

"आन तुला?"

"मला पदर हाय."