अर्ध्या डोक्याच्या वेण्या

हरारेच्या सलूनमध्ये मी नंबर लावून बसले होते. रुविंबोच्या अर्ध्या डोक्याच्या वेण्या झाल्यावर वेण्या घालणाऱ्या सेकाईनं तिच्या मांडीवर बायकांनी वापरायच्या कंडोमचं पाकीट ठेवलं.

"अर्ध्या डोक्यानं मी उठून जाणार नाही, म्हणून आत्ता काढलंस ना?"

"हो. हे आपण घालायचं, फराईची आई. नवऱ्याच्या मर्जीवर राहायला नको."

"सासूबाईंना चौथं नातवंड हवंय."

"आतली ही कडी बघ. मऊ आहे."

"अशा कड्या सासूबाईंच्या हातात आहेत. बांगड्या म्हणून घालतात."

"त्या यातूनच काढलेल्या. पाकिटं माझ्याकडूनच नेतात."

"सासूबाई? कधीपासून?"

"तुझा धाकटा दीर झाल्यापासून. तुला चौथं कधी, हेही इथंच बसून विचारतात."

"त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत आल्यात."

"हो."

"मला मनगट भरेल एवढी पाकिटं दे."