औषध गालाला

काय सांगू तुम्हाला, आमचं गाव वर्धेकडचं, मी चौथी शिकले, माझी माय दुसरीतच थांबली, आणि ती का थांबली ते आधी ऐका, म्हणजे परवा माझं डोकं का फिरलं ते कळेल. इंग्रजांचा काळ होता. मायच्या शाळेत डॉक्टर यायचा, पोरांच्या जिभा बघायचा, पोट चाचपायचा, खुपऱ्या झाल्यात का म्हणून पापणी उलटून बघायचा. आमच्या वस्तीची पोरं बाहेर, व्हरांड्यात. त्यांच्या पापणीला हात कोण लावणार, बाटला असता ना तो! कंपाउंडर उभ्या-उभ्या वरून थेंब सोडायचा, आम्हाला ओंजळीत पाणी ओतायचे तसा, आणि थेंब पडायचा भलतीकडेच. माय म्हणायची, औषध गालाला मिळालं, डोळ्याला नाही. वर हसायची. त्या हसण्याचाच मला राग यायचा. डोळे गेले ते गेलेच, शाळाही तिथेच थांबली, माझं तोंड तिनं नीट असं कधी पाहिलंच नाही.

आता मी इथे सिंगापुरात, सेंगकांगला असते, मुलाकडे, दीपककडे. त्याची यशू नऊ वर्षांची. परवा शाळेत डोळे तपासले, तर घरी आली ती नाचतच, आजी, आय पास्ड लाह! कशी पास? तर रांगेत पुढच्या पोरींचं ऐकून तक्त्यावरची अक्षरं पाठ केली, चष्मा नको म्हणून. आणि दीपक हसतो, म्हणतो, बघ आई, किती हुशार आहे.

हुशार? मी हातातलं लाटणं आपटलं. म्हटलं, तुझ्या आजीच्या पापणीला बोट लावायला माणूस मिळाला नाही, आणि हिला नर्स हनुवटी धरून तपासते, तर ही तिलाच फसवते, अन् बाप दात काढतो! तो म्हणाला, आई, किती जुनं उकरतेस. जुनं कसं रे? आंधळ्या मायचा हात धरून मी चाललेय, तू नाही.

यशूनं हळूच विचारलं, पण त्यांनी हात का नाही लावला, आजी? म्हटलं, ते तुझा बाप सांगेल, लाज वाटली तर. तू चप्पल घाल.

ब्लॉकखालच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या चिनी पोरानं तिची पापणी बोटानं उचलली, अगदी सहज, आणि मला तिथं उभं राहवेना, मी दारात जाऊन थांबले. त्यानं तिला भिंगं लावून दिली. यशू आतूनच ओरडली, आजी, तू अजून रागातच आहेस!

म्हटलं, आहेच. एवढ्या लांबून दिसलं ना तुला? मग दिसू दे बाई, जन्मभर असंच दिसू दे.