सक्करदरा ते गोंदिया, व्हाया वर्धा

हॅलो? …हो, धम्मानंदच बोलून राहिलो. बोला तुळसाबाई, बिनधास्त बोला! माणसाचा फोन म्हणजे माणसाचं मन. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं मी. गृहसचिवाच्या लेखी हुकुमाशिवाय या देशात कोणाचा बाप आपला फोन ऐकू शकत नाही!

…थांबा, नळ सोडतो. म्हणजे ऐकू नाही जाणार.

…काय? मलेही नाही ऐकू येऊन राहिलं. बारीक करतो.

बाई, फोन करू नका म्हटलं होतं ना? …काहून म्हणजे? सकाळी जावई आले होते. ओमप्रकाश. वर्दीवर. चहा घेतला, बिस्किट बुडवलं, अन् म्हणते, 'बाबूजी, दीप्तीची दाढ दुखून राहिली म्हणे? डावीकडची?' …हो ना! काल पोरीनं मले फोनवर सांगितलं, तेच. शब्दाले शब्द. फोन ऐकायच्याच शाखेत बसते तो. हुकूम कोणता अन् सचिव कोणता! बायको घर सोडून गेली, टाकला सासऱ्याचा नंबर यादीत.

…गळ्यावरचे वळ उतरले काय तिचे? …नका, नका सांगू! नुसतं हो किंवा नाही म्हणा. …बरं.

…कोण गोंदियाले गेलं? …हां हां! दीप्ती! हो, दीप्ती तर गोंदियाले गेली! जरा मोठ्यानं बोला बाई, त्याले नीट ऐकू जाऊ द्या. …सकाळच्या गाडीनं, बरोबर… वर्ध्यावरून? वर्ध्यावरून कशी? अहो, वर्धा इकडे, गोंदिया तिकडे. नकाशा लटकवून भूगोल शिकवला मी. सक्करदऱ्याहून गोंदियाले जायले वर्धा कशाले लाग—

…

बाई.

…हो. बोललो मी. तुमच्या मोहल्ल्याचं नाव बोलून गेलो.

…रडू नका. तिलेही रडू देऊ नका. ऐका. शाळेत तपासणीले साहेब आले की मी त्याले बोलण्यात गुंतवायचो. तेव्हा तुम्ही काय करायच्या? …आठवलं? तेच करा. आत्ता. फोन चालूच राहू द्या, ओट्यावर. तिचाही तिथंच.

…

हो, हो… अस्सं? कढी टाकली म्हणता? वा! …दीप्तीले नका देऊ तिखट, दाढ आहे तिची… हो ना… ऐका ना बाई… ताक आंबट पाहिजे. फार नाही. आंबट पाहिजे, पण फार नाही… हो, हो… तुमचा पंखा लय आवाज करते बुवा… अन् मंग? …काय सांगता!

…

बाई, दारावर कोण आहे?

…बाई?

…कडी तुटली.

…हॅलो? …हो, मीच. ओळखला आवाज. …नाहीत त्या तिथं. …मागच्या दारानं. तपासणी असली की बाई कच्चे विद्यार्थी तिथूनच काढून द्यायच्या… म्हणजे तशाच सवयीनं. …कुठं गेल्या? आता मलेही माहीत नाही गा. खरंच नाही. म्हणून तर सांगता येऊन राहिलं नाही.

…ये. ये इकडे. घरीच आहे मी. …हो, भिऊन राहिलो. आवाजावरून समजत असेल तुले, तुझं कामच ते आहे. …वॉरंट आहे काय तुझ्याजवळ, त्या घरात शिरायचं? …शिव्या नको देऊ. रेकॉर्ड होत असेल.

…ओमप्रकाश, थांब. ठेवू नको. एक काम कर गा.

…मागे कढी उतू जाऊन राहिली, ऐकू येते मले. तेवढा गॅस बंद कर.