दात काढायचेत?

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी आणि तिची शाळकरी नात बसली होती. नातीच्या दातांना नवी तार होती आणि तोंडावर हात.

"काढ तो हात. पूर्वी दिवसभर दात काढायचीस, मीच ओरडायचे."

"आता नाही काढत. वर्गात मला 'कुंपण' म्हणतात. नाटकातलं काम सोडतेय मी."

"बाईंना सांगितलंस?"

"उद्या सांगणार."

"बरं. मग मीही उद्या वाचनालयात सांगते, पोरांना आता गोष्टी नाही सांगणार म्हणून."

"का गं?"

"कवळी अजून तयार नाही. या बोळक्यानं गोष्ट सांगू? पोरं हसतील."

"हसू देत! तुझ्यासारखा राक्षस कुणाला जमतो का? आणि बोळक्यानं तर तो आणखी भारी वाटेल."

"खातो तुला, कराकरा चावून!"

"चावून? कशानं?"

"हिरड्यांनी! आणि कुंपण घातलेली राजकन्या असेल, तर आधी कुंपण!"

"आजी, पुरे! पोट दुखलं माझं!"

तेवढ्यात आतून मदतनीस बाई आल्या.

"पुढचं कोण? दात काढायचेत ना?"

"माझे काढून झाले, बाई. आता ही काढतेय, जरा थांबा."