खाणीपलीकडून सुरू केलेली तार

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेले आमचे मुख्य अभियंता, शेजारी बसलेल्या वहिनी, आपलं फायबरचं जाळं विकत घेतलेल्या कंपनीचे पाहुणे, आणि वीज-पाणी मंडळातील माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

आधीच्या वक्त्यांनी साहेबांची शिस्त, साधेपणा आणि वक्तशीरपणा सांगितला. एवढं तर भिंतीवरच्या घड्याळाबद्दलही बोलता येतं. वहिनी हसल्या, म्हणजे चुकले नाही. मी साहेबांच्या चुकीबद्दल बोलणार आहे.

मंडळाने आपल्याच विजेच्या खांबांवरून गावभर फायबर टाकायचं ठरवलं, तेव्हा सुरुवात कुठून करायची? कोणीही शहाणा माणूस बाजारपेठेतून करेल. साहेब म्हणाले, खाणीपलीकडच्या वस्तीपासून. बैठकीत एका सदस्यांनी टोला हाणला, "अहो, गाय शेपटीकडून ओढतात का?"

"वीज देताना आपण शिंगांकडूनच ओढली होती," साहेब म्हणाले. "शेपूट यायला अकरा वर्षं लागली."

ठराव मंजूर झाला. खाणीपलीकडे टेकडी आडवी येते, मोबाइलला रेंज नाही, तो तिथे खेळण्यापुरता. खांबावर आमची माणसं चढलेली पाहून तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बाई ओरडल्या, "भाऊ, पत्ता चुकला का? आधी आमच्याकडे कुणी येत नाही!"

या बाईंची मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी. दूरच्या निवासी शाळेत शिकते. आईला लिहिता-वाचता येत नाही. मग दोघींनी बोलायचं कसं? तार आली आणि संध्याकाळी पडद्यासमोर बसून दोघी हातांनी बोलू लागल्या. मी एकदा पाहिलं आहे. मायलेकी अक्षरशः भांडत होत्या, आणि घरात चकार शब्द नव्हता.

आपण वस्त्यांमागून वस्त्या जोडत गावाच्या मध्याकडे येत राहिलो. तोवर पाहुण्यांच्या कंपनीने बाजारपेठेत तीन महिने फुकट सेवा देऊन सगळी दुकानं, दवाखाने करारात बांधून घेतले. आपण पोचलो तेव्हा जोडायला कोणी उरलंच नव्हतं. ज्यांच्या बिलांवर वस्त्यांचा खर्च निघायचा होता, ते दुसऱ्याचे ग्राहक झाले होते. आणि हो, या सभागृहात बसलेल्या किती जणांनी आपल्या मंडळाची जोडणी घेतली? हात वर करू नका. ग्राहक कक्ष माझ्याकडेच होता.

तोटा झाला, मंडळाने जाळं विकलं. पाहुणे, तुम्ही व्यापारी आहात, तुमच्याकडून धर्मादायाची अपेक्षा नाही. खाणीपलीकडे घरं मोजकी, म्हणून ती तार परवा बंद होणार. विक्रीच्या अटींत ती वस्ती चालू ठेवायचं कलम घाला, असं साहेबांनी तीनदा सांगितलं. मंडळाने तीनदा ऐकून घेतलं.

काल बाई माझ्या खिडकीशी आल्या. मी त्यांना म्हटलं, "मुलीला आजच सांगून ठेवा."

"सांगायला बसले होते, ताई," त्या म्हणाल्या. "पण रडू आलं की ती दोन्ही हातांनी तोंड झाकते. मग बोलणार कशाने? मीही नुसती बघत बसले."

साहेब, तुम्ही उलट्या टोकापासून सुरुवात केलीत ही चूक असेल, तर ती तुमच्या एकट्याची. बाकी सगळ्यात आम्ही सामील होतो. तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो. समाधान लाभो, असं म्हणणार होते, धजत नाही.

सभागृह सजवणाऱ्या वीजघरातल्या मंडळींचे आणि माझं एवढं निमूट ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि अध्यक्ष महोदय, मी त्या तारेचा विषय काढल्यावर मघाशी आपण म्हणालात, "पुढचं पुढे बघू." खाणीपलीकडे पुढचं म्हणजे परवा.