तिसरा दगड

दवाखान्यात शिंपीणबाई नंबरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर म्हातारा सुतार आणि त्याची बायको बोलत होती.

“तिसरा दगड आणला, तोही भिकार! तासभर पटाशी घासली, तरी धार लागत नाही.”

“कशावरून म्हणता?”

“अंगठा फिरवून बघतो ना! चाळीस वर्षं बघतोय.”

“मग आता अंगठ्याकडे बघा.”

शिंपीणबाईंनीही न राहवून पाहिलं. अंगठ्यावरची चिंधी रक्ताने लालभडक झाली होती.

“हे कधी झालं?” त्यांनी विचारलं.

“सकाळी. चिंधी मीच बांधली,” सुताराची बायको म्हणाली.

“पण दुखत नाही गं मुळीच.”

“तेच डॉक्टरांना सांगायचंय.”

“पुढचा नंबर!”

“ऐक ना, आधी चौथा दगड आणून बघू या का?”

“आणू हं. आधी आत चला.”